वाईची रद्दी

वाईला माणसे ढोल्या गणपतीच्या दर्शनाला जातात, महाबळेश्वरच्या वाटेवर चहापुरती थांबतात, कुणी नुसतेच कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसायला जातात. मी गेल्या आश्विनात वाईला गेलो, तो रद्दी काढायला.

काकांना जाऊन वर्ष झाले होते. गंगापुरीतले आमचे घर एका सज्जन डॉक्टरांनी विकत घ्यायचे ठरले होते आणि दिवाळीनंतर काकू मुलीकडे नाशिकला कायमच्या जायच्या होत्या. भांडी वाटून झाली, पलंग आणि कपाटे ज्याची त्याला गेली, देव कोणी न्यायचे यावर व्हायची तेवढी चर्चा झाली. राहिले ते कागद. एके दिवशी काकूंचा फोन आला. "अरे, रद्दीवाला दोनदा येऊन गेला. म्हणतो, आजी, वजन करतो आणि सगळं एकदम उचलतो. पण माझा धीर होत नाही. ह्यांनी एक चिठोरं कधी कुणाला दाखवलं नाही, आणि मी पोत्यानं विकू? तू ये बाबा."

धीर न होण्याला कारण होते. काका चाळीस वर्षे विम्याचे आणि पोस्टाच्या अल्पबचतीचे एजंट होते. वाई गावात आणि भोवतालच्या खेड्यांत सायकलवरून, पुढे स्कूटरवरून हिंडून त्यांनी किती माणसांचे विमे उतरवले असतील कोण जाणे. आणि विमा उतरवायचा म्हणजे नुसता पैशाचा व्यवहार नव्हे. माणसाचे खरे वय विचारावे लागते, पगार विचारावा लागतो, आईबाप कोणत्या दुखण्याने गेले ते विचारावे लागते. आणि सर्वांत शेवटी तो नाजूक प्रश्न, तुमच्या मागे पैसे कुणाला द्यायचे? ह्या प्रश्नाची जी उत्तरे काकांनी कानांनी ऐकली आणि हाताने लिहून घेतली, तेवढी गावातल्या एखाद्या डॉक्टरनेही ऐकली नसतील. काका घरी कधी त्यातले अक्षर बोलले नाहीत. पण कागद ठेवले. एकूण एक ठेवले.

"दुसऱ्यांची रद्दी काढायला बरा उत्साह आहे! आपल्या माळ्यावरच्या पेट्या तेवढ्या दहा वर्षं तशाच," असा निरोप घेऊन मी घरातून निघालो आणि स्वारगेटला एस.टी. धरली.

वाईचा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे. कात्रज गेले, शिरवळ गेले, की खंबाटकी येते. जाताना हा घाट चढून जावा लागतो आणि परतताना बोगद्यातून यावे लागते, त्यामुळे वाईला जाताना आपण कुठेतरी जात आहोत असे वाटते आणि परतताना नुसते घरी पोचतो. सुरूरच्या फाट्याला गाडी महामार्ग सोडते. मग रस्त्याच्या कडेचे, उरलेसुरले का होईना, ते जुने वड. उजव्या हाताला पांडवगड दिसायला लागला, की माझे आजोबा गाडीत उभे राहून पिशव्या मोजायला लागत. मीही मोजल्या. एकच होती.

वाईच्या स्थानकावर उतरल्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांची एक पुडी घेतली आणि खात खात घाटाकडे निघालो. पुडी झेरॉक्सच्या कागदाची होती. सहज नजर गेली, तर कर्जाच्या अर्जाची प्रत! वरच्या कोपऱ्यात एका गृहस्थाचा फोटो, खाली नाव, जन्मतारीख, आईचे नाव, मोबाइलचा नंबर, खात्याचा नंबर आणि शेवटी ठसठशीत सही. शेंगदाणे संपेपर्यंत मला त्या गृहस्थाविषयी त्यांच्या बँकेइतकीच माहिती झाली. पूर्वी वाण्याच्या पुडीवर शाळेच्या उत्तरपत्रिका येत. कुणाला गणितात सात मार्क पडले हे कळून जरा करमणूक होई, यापलीकडे काही बिघडत नसे. आता तसे राहिले नाही. आईचे नाव आणि जन्मतारीख ह्या आताच्या काळात किल्ल्या आहेत. त्या ज्याच्या हाती पडल्या तो फोनवरून बँकेचा माणूस असल्याची बतावणी करू शकतो, तुमच्या नावाने सिमकार्ड मागू शकतो, तुम्ही कधी पाहिलेही नाही असे कर्ज तुमच्या डोक्यावर ठेवू शकतो. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. फेकायचा तरी कुठे, हा प्रश्न होताच.

तेव्हा रद्दीवाल्याला नाही म्हणायचे, एवढे घाटावर पोचेपर्यंत ठरले होते.

आमचे घर म्हणजे वाडा नव्हे, पण वाड्याची नक्कल. ओटी, माजघर, वर माडी, मागे परसू, परसात तुळस आणि पत्र्याच्या आडोशाला तांब्याचा बंब. घाट दोन मिनिटांवर. कृष्णा ह्या गावाला इतकी खेटून वाहते, की इथे प्रत्येक आळीला आपला घाट आहे आणि प्रत्येक आळीचा कृष्णाबाईचा उत्सवही स्वतंत्र. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे, पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोहीकडून निघून जावे म्हणून. वर धोमचे धरण झाल्यापासून नदी पूर्वीसारखी मनमानी करत नाही, असे काकू म्हणतात. म्हणताना त्यांचा स्वर कौतुकाचा असतो की खेदाचा, हे मला कधीच कळलेले नाही.

माडीवर तीन ट्रंका, एक भिंतीतले कपाट आणि तुळईला टांगलेली एक फळी, एवढा कागदांचा संसार होता. काकांची शिस्त अशी, की प्रत्येक गठ्ठा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला आणि वर चिठ्ठी. जुन्या दप्तरांत ह्यालाच रुमाल म्हणत. मी मोठ्या तडफेने बसलो आणि अर्ध्या तासात माझ्या ध्यानात आले, की कागद नष्ट करण्यातली खरी अडचण कागद ही नव्हेच. तो नष्ट करायचा की नाही हे ठरवायला तो वाचावा लागतो. आणि तो कुणी वाचू नये म्हणून तर नष्ट करायचा!

डोळे मिटून सगळेच नाहीसे करावे म्हटले तर तेही चालेना. पहिल्याच ट्रंकेत दुसऱ्यांच्या मालकीच्या तीन अस्सल पॉलिस्या निघाल्या, काकांकडे विश्वासाने ठेवायला दिलेल्या. एका पोस्टाच्या पासबुकात अजून रक्कम होती. शिवाय आमची स्वतःची एक निकड होती. घर घेणाऱ्या डॉक्टरांच्या वकिलांना १९६१ सालची वाटणीची याद हवी होती. आजोबा गेल्यावर माझे वडील आणि काका ह्यांच्यात जी वाटणी झाली, तिची ती घरगुती याद, स्टँपच्या कागदावर लिहिलेली, पण नोंदणी न केलेली. खरेदीखत नोंदलेले असेल तर त्याची नक्कल सरकारी कचेरीतून मिळते. घरगुती यादीची नक्कल कोण देणार? ती मूळच सापडायला हवी होती.

तेव्हा मी एक पद्धत ठरवली. कागदाचे डोके आणि पाय तेवढे पाहायचे, पोट पाहायचे नाही. वरचा मथळा, तारीख, खालची सही. बहुतेक कागदांना तेवढे पुरते. तरी डोळा हा फार आगाऊ अवयव आहे. दुपारपर्यंत मला नको ती माहिती झाली. एका प्रतिष्ठित घराण्यातल्या आजोबांनी वय चार वर्षांनी कमी सांगितले होते. एकाने व्यसनांच्या रकान्यात 'नाही' लिहून, खोडून, 'क्वचित' लिहिले होते. शाळेत मला ज्यांनी छड्या मारल्या त्या मास्तरांचे पहिल्या वर्षीचे हप्ते काकांनी स्वतःच्या खिशातून भरले होते, आणि ते फिटले की नाही हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. ह्या मंडळींपैकी बरीच आता नाहीत. त्यांची नातवंडे मात्र त्याच आळीत राहतात.

दुसऱ्या ट्रंकेच्या तळाशी मांजरपाटात शिवलेला एक लहान गठ्ठा निघाला. बांधलेला नव्हे, सुईदोऱ्याने शिवलेला. वर काकांचे अक्षर : 'माझ्या पश्चात न वाचता जाळावे.'

मी तो खाली नेऊन काकूंच्या हातात दिला. त्यांनी अक्षर पाहिले, गठ्ठा वजन केल्यासारखा हातावर तोलला आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवून दिला. "आधी बाकीचं होऊ दे," एवढेच म्हणाल्या.

बाकीचे व्हायला जाळण्याखेरीज सोपा उपाय नाही, असे मला वाटले होते. शहरात हा मार्ग आता बंद आहे. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. बंब काही उघडा नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली आणि विम्याच्या जुन्या अर्जांचा एक जाडसर गठ्ठा त्याच्या तोंडात सारला. ज्यांनी कधी गठ्ठ्याने कागद जाळलेले नाहीत, त्यांना माझा अनुभव उपयोगी पडेल. कागदाची गड्डी जळत नाही. हवा आत शिरत नाही. कडा काळ्या पडतात, धूर डोळ्यांत जातो आणि तासाभराने चिमट्याने बाहेर काढावे, तर मधला मजकूर शिलालेखासारखा शाबूत. म्हणून एकेक कागद सुटा करून टाकू लागलो. तर जळता कागद हलका होतो आणि बंबाच्या नळकांड्यातून थेट आकाशात जातो! दहा मिनिटांत शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर एक काळा पापुद्रा येऊन बसला होता. "हे कुणाचं हो?" त्यांनी विचारले. "मधुमेह, होय, असं लिहिलंय." नाव जळून गेले होते, हे माझे भाग्य. त्यातून प्लॅस्टिकचे वेष्टण चढवलेली ओळखपत्रे आत गेली तेव्हा जो वास सुटला, त्यानंतर बंब विझवण्याखेरीज गत्यंतर उरले नाही.

भाच्याला फोन केला. तो संगणकाच्या कचेरीत आहे. त्याने कागद कातरायचे यंत्र घ्यायला सांगितले आणि वर बजावले, "मामा, नुसत्या लांब पट्ट्या करणारं घेऊ नकोस, आडवं-उभं कापून बारीक चुरा करणारं घे." त्याचे बरोबर होते. १९७९ साली तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीला वेढा पडला तेव्हा आतल्या लोकांनी गुप्त कागद घाईघाईने यंत्रात घालून त्यांच्या पट्ट्या केल्या. इराणी लोकांनी त्या पट्ट्या गोळा केल्या, गालिचे विणणाऱ्यांना कामाला लावले आणि पट्टीला पट्टी जोडून कागद पुन्हा उभे केले. पुढे त्यांची पुस्तकेही छापली. गालिच्याची गाठ न् गाठ मोजणाऱ्या माणसाला पट्टी जोडणे ते काय अवघड! पण तीन ट्रंका कागद घरगुती यंत्रात पाच-पाच पानांनी घालायचे, तर मला नाताळापर्यंत वाईत राहावे लागले असते.

"कृष्णाबाईत सोडू या का?" काकूंनी भीतभीत विचारले. जुन्या पोथ्या आपण नदीत सोडत आलो, त्यामुळे त्यांच्या मनात ते येणे साहजिक होते. पण पोथी आणि पॉलिसी ह्यांत फरक आहे. हे कागद नदीने बुडवलेच नसते. तरंगत तरंगत पुढच्या घाटावर नेऊन एखाद्या धुणे धुणाऱ्या बाईच्या हाती दिले असते. नदीच्या अंगावर आणखी घाण टाकायची ती वेगळीच.

पाण्याचा विषय निघाला आणि काकू एकदम म्हणाल्या, "थांब. पाणी नदीतलं कशाला हवं? घंगाळ आहे की." आणि मग त्यांनी सांगितले ते आमच्या पिढीतल्या कुणाला ठाऊक नाही, पण वाचकांच्या आज्यांना नक्की ठाऊक असेल. पूर्वी घरातले निकामी कागद भिजत घालीत, त्यांचा लगदा करीत, त्यात वाटलेल्या मेथ्या घालून सुपे लिंपीत आणि टोपल्या करीत. मेथ्यांनी चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. "माझ्या आईच्या हातची लगद्याची टोपली मी लग्नात घेऊन आले होते," काकू म्हणाल्या.

लगद्यासारखा बिनतोड उपाय मला दुसरा दिसलेला नाही. टाचण्या आणि तारा काढायच्या. कागद हाताने फाडायचे. फाडताना फोटो आणि सही आडवी-उभी तुटेल असे पाहायचे. मोठ्या भांड्यात घालून वर कढत पाणी ओतायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. बॉलपेनची शाई पाण्यात विरघळत नाही, हे खरे. पण सकाळी हाताने मळले की कागदाचे तंतूच सुटे होतात आणि मग शाई राहिली काय न् गेली काय. अक्षराला उभे राहायला जागाच उरत नाही. फक्त गुळगुळीत चकचकीत कागद आणि प्लॅस्टिक चढवलेली कार्डे भिजत नाहीत. ती कात्रीने कापावी लागतात. बँकेच्या कार्डावर कात्री चालवताना ती त्या सोनेरी चौकोनावरून गेली पाहिजे. भाच्याने आणखी एक सांगितले ते इथे देतो : आधार कार्डाची प्रत द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी झाकलेली प्रत काढता येते, आणि पुष्कळ ठिकाणी ती चालते. म्हणजे मुळात असे कागद घराबाहेर कमी जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. घर रिकामे होते आहे ही बातमी आळीभर झालीच होती. चहा झाला, पावसाचे झाले, माझ्या मुलांचे शिक्षण झाले. गृहस्थ उठेनात. शेवटी काकू आत गेल्या तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या काकांकडं माझा एक कागद असंल. ऐंशी-ब्याऐंशी सालचा. माझ्या मागं पैसं कुणाला द्यायचं, त्याचा. ती पॉलिसी कवाच संपली, पैसं मलाच मिळालं. पर कागद हाय. पोरांच्या हाती पडू नये."

मी माडीवर गेलो. त्यांच्या नावाचा रुमाल सापडायला वेळ लागला नाही, काकांच्या शिस्तीमुळे. पालथा धरून खाली आणला. त्यांनी चष्मा लावून एकदा पाहिला, स्वतः फाडला आणि परसात येऊन घंगाळात स्वतःच्या हाताने दाबून धरला, पाण्यावर येईल की काय ह्या भीतीने धरावा तसा. पुष्कळ वेळ धरला. मग हात पुसून म्हणाले, "तुमचं काका लई चांगलं होतं. कवा बोललं न्हाईत." आणि गेले. त्या कागदावर कुणाचे नाव होते ते मी पाहिले नाही. पाहावेसे वाटले नव्हते असे म्हणणार नाही.

लगदा भिजत होता, काकू देवाला गेल्या होत्या. दुपारी मी मेणवलीला जाऊन आलो. वाईपासून ही जागा तीनएक किलोमीटर. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेवर चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. घाटावरच्या एका लहान देवळीत ती प्रसिद्ध घंटा टांगलेली आहे, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. सिनेमावाल्यांना हा घाट फार आवडतो. २००४ साली आलेल्या 'स्वदेस'चे चित्रण इथलेच. मी गेलो तेव्हा दोन म्हशी आणि एक पोहणारा मुलगा, एवढीच मंडळी होती.

पण मेणवलीला मी गेलो तो दप्तरासाठी. हिंदुस्थानातल्या राजकारणाची अर्धी गुपिते ज्या माणसाच्या पोटात होती, त्या नानांचे खाजगी दप्तर ह्या वाड्यात होते. नाना १८०० साली वारले. त्यांच्या मागे जिऊबाई मेणवलीला राहिल्या आणि कागदही राहिले. पुढे इतिहासकार पारसनीसांनी ते मिळवले. मेणवली दप्तर म्हणून अभ्यासक आज ज्याचे नाव घेतात, ते हेच. नानांनी स्वतःचे लहानसे आत्मचरित्रही लिहून ठेवले आहे. त्यात पानिपत आहे, तिथे हरवलेली आई आहे आणि तरुणपणी आपल्या मनाचा व देहाचा तोल कसा जाई हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. एवढा सावध माणूस. त्याला हे कागद जाळता आले नसते काय? जाळले असते तर आपल्याला नाना कळलेच नसते.

आणि वाईचेच आणखी एक. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यातले पानिपतच्या काळातले कागद त्यांना ह्याच गावात मिळाले. पुढे ह्या मालेचे बावीस खंड झाले. कुणाच्या तरी घरातली रद्दीच ना ती! त्या घरच्या एखाद्या शिस्तप्रिय काकूंनी आदल्या वर्षी घंगाळ भरले असते, तर काय झाले असते? घाटाच्या पायरीवर बसून मी ह्याचा विचार करीत राहिलो आणि मला काही उलगडा झाला नाही. नानांना जाऊन सव्वादोनशे वर्षे झाली. मधुमेहाच्या रकान्यात 'होय' लिहिणाऱ्याची सून कुंपणापलीकडे राहते. काळाचा हा फरक आहे खरा. पण किती वर्षांनी गुपिताचा इतिहास होतो, हे कुठल्या पंचांगात लिहिलेले नाही.

परत आल्यावर एवढे मात्र केले, की फळीवरचे मोडी कागद वेगळे बांधले. आजोबांच्या आधीचे ते कागद आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाहीत. जे वाचता येत नाही ते नष्ट करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला वाटले. ते आता पुण्याला माझ्याकडे आहेत आणि एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेण्याचे चालले आहे. तीन पॉलिस्या आणि ते पासबुक मी घरोघर जाऊन ज्याचे त्याच्या हातात दिले. काकांचे स्वतःचे पेन्शनचे, बँकेचे, मृत्यूच्या दाखल्याचे कागद हात न लावता ठेवले. वारसाची कामे पुरती संपेपर्यंत मेलेल्या माणसाचे कागद जिवंतच असतात. कराचे कागद किती वर्षे ठेवायचे ते कर-सल्लागाराला विचारीन म्हटले.

वाटणीची याद काही सापडली नव्हती. तीन ट्रंका, कपाट, फळी, सगळे संपले होते. रात्री जेवणे झाल्यावर मी आणि काकू माजघरात बसलो. कोनाड्याकडे दोघांचेही लक्ष होते आणि दोघेही दुसरीकडे पाहत होतो.

"त्यातच असेल," शेवटी मी म्हटले.

"असेल."

"काकू, याद मिळाली नाही तर व्यवहार अडेल. वकील ऐकायचे नाहीत."

"अरे, पण त्यांनी लिहून ठेवलंय की."

मग पुष्कळ वेळ कुणी बोलले नाही. मी मनात नाना तऱ्हेचे तर्क करीत होतो. कुणाचे कर्ज? कुणाची पत्रे? माझ्याच वडिलांविषयी काही? वाटणीनंतर दोघे भाऊ तीन वर्षे बोलत नव्हते, हे मला ठाऊक होते. का बोलत नव्हते ते ठाऊक नव्हते. ते कळण्याची शेवटची जागा त्या कोनाड्यात होती. माझी मान थोडी पुढे झाली असावी, कारण काकूंनी माझ्याकडे नीट पाहिले आणि उठल्या.

"तू जा माडीवर झोपायला," त्या म्हणाल्या. "पंचावन्न वर्षं संसार केलाय मी. न वाचता म्हणून लिहिलंय ते लोकांसाठी. मला त्यांनी काही लोक म्हणून नाही लिहिलेलं."

मी माडीवर गेलो. खाली दिवा बराच वेळ चालू होता. कात्रीचा आवाज आला, मग काहीच नाही. एकदा परसाचे दार वाजले आणि पाणी ओतल्याचा आवाज आला. रात्री किती वाजता दिवा गेला ते मला सांगता येणार नाही. मला झोप लागली होती.

सकाळी चहाच्या कपाशेजारी एक पिवळा पडलेला स्टँपचा कागद चार घड्या घालून ठेवला होता. वाटणीची याद. खाली माझ्या वडिलांची सही, काकांची सही, दोन साक्षीदार. मांजरपाटाचे फडके धुऊन दोरीवर वाळत घातले होते. काकूंचे डोळे लाल होते, पण ते बंबाच्या धुराने म्हणावे तर बंब कालपासून विझलेला होता. मी काही विचारले नाही. त्यांनीच लगदा मळता मळता, माझ्याकडे पाठ करून, एवढे सांगितले, "तुझ्या वडिलांचं काही नव्हतं हो त्यात." हे खरे होते की माझ्यासाठी होते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

निघताना खिशात तो शेंगदाण्याच्या पुडीचा कागद सापडला. तोही घंगाळात घातला.

डॉक्टरांचा व्यवहार धनत्रयोदशीच्या आधी पुरा झाला. काकू आता नाशिकला असतात. जाण्यापूर्वी त्यांनी तीन टोपल्या करून उन्हात वाळवल्या होत्या. एक लेकीला, एक शेजारच्या वहिनींना त्या चादरीच्या बदल्यात आणि एक आम्हांला. करड्या रंगाची आहे, जरा वाकडी आहे आणि पावसाळी हवेत तिला मेथ्यांचा वास येतो. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ती असते. सध्या तिच्यात लसूण आहे.